तीन मावळ, एक तालुका

पुण्याहून लोणावळ्यास जाणाऱ्या आगगाडीतून पाहणाऱ्यास मावळ हा एकच सलग मुलूख भासतो, आणि सरकारी दप्तरातही तो वडगावास कचेरी असलेला पुणे जिल्ह्याचा एक तालुकाच आहे. परंतु तेथल्या माणसास मुलूख विचारावा, तर तो नुसते मावळ न म्हणता नाणे मावळ, आंदर मावळ किंवा पवन मावळ असे सांगतो. ह्या तिन्ही एके काळच्या महसुली तरफा होत. आज त्यांना अंमलदार नाही, शिक्का नाही. तरी त्या नांदत्या आहेत.

मुलखाचे प्रशासकीय आयुष्य दीर्घ आहे. कार्ल्याच्या सातवाहनकालीन शिलालेखातील, भिक्षूंस करजक गाव दान देणारी राजाज्ञा मामाल, म्हणजे मावळ, येथील अमात्यास उद्देशून आहे. म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातही येथे राजाचा अधिकारी बसत होता. पुढे सुलतानी अमदानीत खोऱ्याखोऱ्याचा वसूल देशमुखाकडे आणि त्याचा हिशेब देशपांड्याकडे आला. शिवछत्रपतींनी वतनदारांच्या मनमानीस आळा घातला, पण खोऱ्यांच्या हद्दी मोडल्या नाहीत. इंग्रजी अंमलात मामलेदार सर्वांवर बसला आणि 1950 च्या कायद्याने परगणा-वतने खालसा झाली, तेव्हा देशमुखीचा उरलासुरला हक्कही संपला.

हक्क संपला तरी नाव उरले, कारण ती हद्द मुळी कोणा कारकुनाने आखलेली नव्हती. इंद्रायणी आणि पवना ह्यांच्यामध्ये लोहगड-विसापूरची रांग उभी आहे, आणि भाज्याकडून पवनेच्या काठी उतरावयाचे तर आधी खिंड चढावी लागते. उत्तरेकडील कुंडली व आंद्रा ह्या इंद्रायणीच्या उपनद्यांनीही आपापले खोरे असेच वेगळे राखले आहे. पावसाळ्यापूर्वी राब भाजावा, रोपे तयार होताच खाचरात चिखलणी करावी, आणि संततधार पावसात घोंगडी नाही तर इरले पांघरून, वाकलेल्या पाठींनी आवणी उरकावी, ह्या भातशेतीच्या कामात हाक मारावयाची ती खोऱ्यातल्या शेजाऱ्यास. डोंगरापलीकडचा माणूस त्या घाईत येणार कसा? दप्तरासही हे नाव सर्वस्वी टाकता आले नाही: तालुक्यात कुसगावे एकाहून अधिक, म्हणून त्यांतल्या एकापुढे आजही ‘प. मा.’, म्हणजे पवन मावळ, अशी दोन अक्षरे लिहावी लागतात.

ज्या पाण्याने ही खोरी घडविली, त्याच पाण्यावर बाहेरच्या शहरांची दृष्टी गेली. आंद्रेच्या खोऱ्यातले पाणी ठोकरवाडीस अडवून सह्याद्रीच्या पोटातून भिवपुरीस उतरविले गेले, आणि 1922 पासून त्यावर मुंबईसाठी वीज निर्माण होऊ लागली. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला.

निरनिराळे मुलूख एका कारभाराखाली येणे ही काही मावळाचीच गोष्ट नाही. नॉर्वेत 2020 च्या आरंभी फिन्नॉय व रेनेसॉय ह्या बेटांच्या नगरपालिका स्टाव्हँगर शहरात विलीन झाल्या. कारभाराच्या सोयीसाठी अशी विलीनीकरणे सर्वत्र होतात आणि त्यांना विरोध करण्याचे कारण प्रत्येक वेळी असतेच असे नाही. परंतु समुद्राने किंवा डोंगराने ज्यांना एकत्र बांधले आहे, त्यांचे हितसंबंध ठरावाने बदलत नाहीत. मावळात पाण्याचा हिशेब मांडणाऱ्याने म्हणून तालुक्याच्या एका आकड्यावर विसंबू नये. तो तीन खोऱ्यांचा निरनिराळा मांडावा.