मत्स्यालयाचे छायाचित्रण : प्रश्न फ्लॅशच्या शक्तीचा नव्हे, जागेचा

घरातील मत्स्यालयासमोर रमणाऱ्या माणसाला कधी ना कधी त्या रंगीत जगाचे छायाचित्र टिपण्याचा मोह होतोच. कॅमेरा हाती घेतला जातो, फ्लॅश चमकतो आणि छायाचित्रात उमटतो तो काचेवरचा पांढराशुभ्र डाग, पाण्यात तरंगणाऱ्या कणांचा धुरळा आणि रंग हरवलेला एखादा मासा. फ्लॅश कमी पडला, अशी समजूत करून घेऊन मग अधिक शक्तिशाली आणि अर्थातच अधिक महाग फ्लॅशचा शोध सुरू होतो. वस्तुतः दोष शक्तीचा नसतो, जागेचा असतो. तो ध्यानात घेतला तर खरेदीचा बराचसा खर्च वाचतो.

कॅमेऱ्याच्या माथ्यावरील फ्लॅश भिंगाच्याच दिशेने प्रकाश फेकतो. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हा शाळेत शिकलेला नियम येथे आडवा येतो. समोरून काचेवर आदळलेला प्रकाश थेट भिंगात परततो. माशाचे अंगही काही अंशी आरसाच असते. त्वचेतील व खवल्यांतील चंदेरी चमक ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे येते. निऑन टेट्राचा निळा पट्टा निळ्या रंगद्रव्याचा नसतो. तो अशाच स्फटिकांवरून परावर्तित झालेला प्रकाश असतो आणि प्रकाशाचा कोन बदलला की त्याची छटाही बदलते. नदीत वा समुद्रात माशावर प्रकाश वरून पडतो. मत्स्यालयातही तो वरूनच पडला, तर काचेवरील चमक टळते आणि रंग खुलतात. म्हणूनच येथे कॅमेऱ्यापासून विलग ठेवता येणारा फ्लॅश लागतो.

जोडणी कशी असावी?

विलग फ्लॅशला कॅमेऱ्याचा इशारा पोहोचवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला वायरचा. तो स्वस्त आणि भरवशाचा असला, तरी वायरची लांबी बहुधा अपुरी पडते आणि पाण्याच्या टाकीभोवती लोंबणारी वायर गैरसोयीची ठरते. दुसरा मार्ग 'स्लेव्ह' फ्लॅशचा. एका फ्लॅशचा प्रकाश पाहून दुसरा चमकतो. परंतु त्यासाठी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पेटवावा लागतो आणि जी चमक टाळायची तीच पुन्हा काचेवर येण्याचा धोका राहतो. शिवाय स्वयंचलित मापनासाठी होणाऱ्या पूर्वझोतानेच काही स्लेव्ह फ्लॅश वेळेआधी चमकून जातात. तिसरा मार्ग रेडिओ ट्रिगरचा. मधे झाकण वा भिंत आली तरी तो काम करतो. गोडॉक्स, योंगनुओ यांसारख्या कंपन्यांनी असे ट्रिगर तुलनेने कमी किमतीत उपलब्ध केल्यामुळे आज हाच मार्ग सर्वाधिक सोयीचा आहे. मात्र खरेदी करताना ट्रिगर आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठीचाच आहे आणि फ्लॅशशी त्याचे जुळते, याची दुकानातच खात्री करून घ्यावी.

शक्ती किती लागते?

फ्लॅशची शक्ती 'गाइड नंबर'ने सांगतात. या अंकाला भिंगाच्या एफ-अंकाने भागले की फ्लॅश किती मीटरपर्यंत पुरेल ते कळते. आयएसओ १०० ला गाइड नंबर २० असलेला साधा फ्लॅश घ्या. एफ/११ ला तो सुमारे १.८ मीटर पुरतो. प्रकाश मवाळ करणारा पडदा, वरची काच आणि पाणी यांत तीनचतुर्थांश प्रकाश वाया गेला असे धरले, तर हे अंतर निम्मे, म्हणजे ०.९ मीटर होते. दोन फुटी टाकीत वर ठेवलेल्या फ्लॅशपासून मासा असतो जेमतेम अर्ध्या मीटरवर! आयएसओ ४०० पर्यंत वाढवण्याची मुभा हाताशी आहेच. तेव्हा ६० च्या गाइड नंबरसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. जाहिरातीतील असा मोठा अंक अनेकदा फ्लॅशचा झोत २०० मिलिमीटरपर्यंत आवळून मोजलेला असतो. तो पसरला की अंक बराच खाली येतो.

कमी शक्तीचा आणखी एक लाभ आहे. पूर्ण शक्तीवर फ्लॅशची चमक साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकते. शक्ती एकसोळांश केली की अनेक फ्लॅशमध्ये ती सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या जवळपास येते. झटकन वळणारा मासा स्थिर टिपला जातो तो या अल्पकाळामुळे. शटरचा वेग तर फ्लॅशबरोबर बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदापुरताच मर्यादित असतो. म्हणून शक्ती हाताने पायरीपायरीने कमी करता येणे, हा फ्लॅशचा सर्वांत महत्त्वाचा गुण समजावा. टीटीएल हे स्वयंचलित मापन काळी पार्श्वभूमी आणि चकाकते खवले यांमुळे फसू शकते. टाकीचा आकार बदलत नाही, फ्लॅशची जागाही बदलत नाही. तेव्हा एकदा जुळवलेले प्रमाण पुन्हापुन्हा उपयोगी पडते.

जपायचे काय?

जुन्या बाजारातील फ्लॅश स्वस्त मिळतो, पण काही जुन्या फ्लॅशमध्ये कॅमेऱ्याच्या जोडबिंदूवर शंभराहून अधिक व्होल्टचा दाब असतो आणि त्याने डिजिटल कॅमेरा निकामी होऊ शकतो. फ्लॅशच्या पोटातील कपॅसिटर तर सुमारे ३०० व्होल्टचा भार धरून असतो. त्यामुळे उघड्या पाण्यावर फ्लॅश कधीही धरू नये. टाकीवर स्वच्छ काचेचे झाकण हवे आणि फ्लॅश स्टँडला पक्का बांधलेला हवा.

माशांचाही विचार हवा. बहुतेक माशांना पापण्या नसतात. अंधारात अचानक पडलेल्या झोताने ते बिथरतात आणि काचेवर आदळतात. टाकीतील दिवे आधीपासून चालू ठेवावेत, झोत मोजकेच द्यावेत आणि मासे दडू लागले की थांबावे. अनेक सार्वजनिक मत्स्यालयांत फ्लॅशला मनाई असते, ती पाळावी.

थोडक्यात, खरेदीचा क्रम असा असावा: हाताने शक्ती बदलता येणारा एक मध्यम फ्लॅश, रेडिओ ट्रिगर, एक स्टँड आणि चार रिचार्जेबल सेल. प्रकाश मवाळ करायला पांढऱ्या प्लास्टिकचा पातळ पत्राही चालतो. दुसऱ्या फ्लॅशचा विचार पहिल्याचा पुरता सराव झाल्यावर, सावल्या खरोखरच खटकू लागल्या तरच करावा. तोवर तेच पैसे टाकीची निगा आणि पाण्याची स्वच्छता यांवर खर्च केलेले अधिक चांगले. निरोगी माशाच्या अंगावर जे तेज असते, ते कोणताही फ्लॅश बाहेरून आणू शकत नाही.