जुना ट्रॅक्टर, कमरेएवढं गवत: काम घेण्याआधी हे वाचा

पावसाळ्यानंतर प्लॉट आणि बागांमधलं गवत कापून देणं हा जुन्या ट्रॅक्टरवर चालणारा चांगला जोडधंदा आहे. पण एक धोका आधी समजून घ्या.

जुन्या सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण रोटरी कटरची जड पाती फिरतच राहतात. त्यांचा जोर पीटीओतून उलटा गिअरबॉक्सला आणि तिथून चाकांना मिळतो. म्हणजे तुम्ही क्लच दाबून बसलाय आणि ट्रॅक्टर कुंपणाकडे निघालाय! उपाय एकच: पीटीओवर ओव्हररनिंग क्लच बसवा. तो खर्च भांडवलात धरा.

आता दर. आधी जागा पायी फिरा. दगड, तारा, खड्डे दिसले की काठीला फडकं बांधून खूण करा. पीटीओ 540 आरपीएमवर, गिअर मात्र पहिला. उंच गवत बहुतेकदा दोनदा कापावं लागतं, आधी वरून, मग खालून. म्हणून एकरावर नाही, तासावर बोला. आणि पाती पूर्ण थांबल्याशिवाय खाली उतरू नका. गिऱ्हाईक परत मिळेल, पाय नाही.