मद्यनिर्मितिगृहाची भेट : कोन्याक व नाशिक येथील पर्यटकानुभवाचे स्वरूप

प्रस्तावना

एखादी वस्तू विकत घेणे आणि ती वस्तू जेथे तयार होते ते ठिकाण पाहण्यासाठी पैसे मोजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारास औद्योगिक पर्यटन असे म्हटले जाते. नांदेड-लातूर परिसरात पर्यटन म्हटले की सचखंड गुरुद्वारा, माहूर, कंधारचा किल्ला किंवा खरोशाची लेणी डोळ्यांसमोर येतात. उत्पादनाचे ठिकाण हेही प्रेक्षणीय असू शकते ही कल्पना येथे फारशी रुळलेली नाही. फ्रान्समधील कोन्याक हे या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. महाराष्ट्रात त्याच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण नाशिकचे आहे. या दोन्ही ठिकाणी पाहुण्यास काय दाखविले जाते आणि काय दाखविले जात नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोन्याक येथील भेट

शारांत नदीकाठच्या या छोट्या शहराच्या नावाने ओळखली जाणारी ब्रँडी पांढऱ्या द्राक्षांपासून बनते. मार्तेल (१७१५), रेमी मार्टिन (१७२४) व हेनेसी (१७६५) ही तेथील जुनी घराणी. आंबट व सौम्य द्राक्षासवाचे तांब्याच्या भट्टीत दोनदा ऊर्ध्वपातन करतात आणि मिळालेला अर्क ओक लाकडाच्या पिंपांत किमान दोन वर्षे ठेवतात. 'एक्स. ओ.' या प्रतीसाठी ही मुदत २०१८ पासून दहा वर्षे करण्यात आली. (किनवटच्या जंगलपट्टीत मोहाच्या फुलांची हातभट्टी ज्या तत्त्वावर चालते तेच हे तत्त्व. फरक एवढाच की, एकीवर धाड पडते आणि दुसरी पाहण्यास तिकीट लागते.)

ऊर्ध्वपातन हिवाळ्यात चालते व ३१ मार्चपूर्वी संपवावे लागते. त्यामुळे उन्हाळी सुटीत येणाऱ्या पाहुण्यास पेटलेली भट्टी सहसा पाहावयास मिळत नाही. त्याला मिळते ते तळघर. हेनेसीच्या भेटीत पाहुण्यांना नावेतून नदीपलीकडच्या कोठारांकडे नेतात. आत अंधार, गारवा, लाकडाचा व अर्काचा दाट वास आणि पिंपांच्या रांगा. डोळ्यांना दिसेल असे तेथे काहीच घडत नसते. दरवर्षी सुमारे दोन टक्के अर्क लाकडातून उडून जातो. त्यास तेथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. या वाफेवर वाढणाऱ्या बुरशीने कोठारांच्या भिंती व छपरे काळी पडतात आणि मार्गदर्शक ती काजळीच आवर्जून दाखवितो. ओतार घराण्याची कोठारे तर १४९४ मध्ये राजा फ्रान्स्वा पहिला जेथे जन्मला त्या किल्ल्यातच आहेत. तेथील भिंतींवर अठराव्या शतकातील युद्धकैद्यांनी कोरलेली चित्रे पाहून मगच पाहुणा पिंपांपर्यंत पोहोचतो. थोडक्यात, कोन्याकमध्ये पाहुण्यास काळ दाखविला जातो आणि शेवटच्या घोटाची किंमत त्यामुळेच त्याला पटते.

नाशिक येथील भेट

नाशिकजवळ असा जुना काळ उपलब्ध नाही. राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये गंगापूर धरणाच्या परिसरात वाईनच्या द्राक्षांची लागवड केली. आईच्या 'सुलभा' या नावावरून नाव घेतलेल्या 'सुला'ची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. २००५ मध्ये सुलाने पाहुण्यांसाठी आस्वादकक्ष उघडला. येथील फेरी छोटी असते : द्राक्षे दाबण्याचे यंत्र, किण्वनाच्या पोलादी टाक्या, पिंपांची खोली आणि शेवटी चार-सहा प्रकारांची चव. पेला कसा धरावा, गोल फिरवून वास कसा घ्यावा, हे मार्गदर्शक शिकवितो. अनेकांच्या हातात वाईनचा पेला प्रथमच आलेला असतो. ओशाळलेले हसू आणि मोबाईलवरील छायाचित्र दोन्ही त्यात आले. कायद्याने २१ वर्षांखालील व्यक्तीस वाईन देता येत नाही, त्यामुळे कुटुंब एकत्र आले तरी चव सर्वांच्या वाट्याला येत नाही. सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याच्या जानेवारी २०२२ मधील शासननिर्णयास झालेला विरोध लक्षात घेता, हा संकोच केवळ व्यक्तिगत नाही हेही स्पष्ट होते.

नाशिकची खरी शिकण्याजोगी गोष्ट मात्र टाक्यांत नसून वेलीवर आहे. फ्रान्समध्ये थंडीमुळे वेल झोपी जाते. तेथे वर्षात एकच मुख्य छाटणी व शरदात काढणी. दख्खनमध्ये वेल झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी असे चक्र शेतकऱ्यांनी बसविले आहे. पावसाळ्यात हिरव्या डोंगरांसाठी येणाऱ्या पाहुण्यास वेलीवर द्राक्षे न दिसण्याचे कारण हेच.

न दाखविलेला भाग

या फेऱ्यांत द्राक्ष उत्पादक क्वचितच भेटतो. वाईनची द्राक्षे लहान, बियांची व जाड सालीची असतात. ती खाण्याच्या बाजारात खपत नाहीत. कारखान्याने उचल नाकारली तर शेतकऱ्यास दुसरे गिऱ्हाईक नसते. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली, काही कारखाने अडचणीत आले आणि नाशिक भागात अनेकांनी या वेली उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांचा मार्ग धरला. कोन्याकचा मार्गदर्शक उडून गेलेल्या वाट्याचा हिशेब अभिमानाने सांगतो. हा हिशेब मात्र आस्वादकक्षात ऐकू येत नाही. पाहुण्यास तो नको असतो असे मानणे घाईचे ठरेल, कारण किमतीविषयीचे प्रश्न पाहुणे विचारतातच.

मराठवाड्यात उत्पादनस्थळाची भेट आखावयाची झाल्यास मद्याकडे वळण्याची गरज नाही. राष्ट्रध्वजासाठीचे खादी कापड उदगीर येथे विणले जाते आणि ध्वज नांदेड येथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार होतात. तेथील फेरी मागापासून सुरू करावी. विणकराने तुटलेला धागा जोडून दाखवावा, दिवसाला किती कापड निघते व त्याची मजुरी किती मिळते हे स्वतः सांगावे. शिलाई आणि घडी त्यानंतर पाहता येईल.