जिंगिस खान : उसन्या मुलखांचा डिस्को

म्युनिकचे संगीतकार राल्फ झीगेल यांनी आधी गाणं रचलं आणि मग ते गायला माणसं शोधली. ‘जिंगिस खान’ या ग्रुपची कुंडली एवढ्यात मांडून होते. 1979 ची युरोव्हिजन गीतस्पर्धा जेरुसलेमला होती. शब्द बेर्न्ड माइनुंगर यांचे, विषय मंगोल सम्राट चंगीझ (जर्मन उच्चारात जिंगिस) खान, आणि मंचावर जास्तीत जास्त सहा जणांना परवानगी. म्हणून सहा जण जमवले. हंगेरीची एडिना पोप, हंगेरीचाच लेस्ली मांडोकी, डच हेन्रिएटे आणि तिचा नवरा वोल्फगांग हाइशेल, डोकं तुळतुळीत केलेला स्टीव्ह बेंडर, आणि दक्षिण आफ्रिकेचा नर्तक लुई पोटगीटर. जर्मनीचं प्रतिनिधित्व करणाऱ्या या सहांपैकी चौघे बाहेरचे होते. मांडोकी तर चारच वर्षांपूर्वी साम्यवादी हंगेरीतून, रेल्वेच्या बोगद्यातून चालत, पळून आला होता.

त्या रात्रीचं चित्रण आजही बघावं. पाच जण ओळीने माइकपाशी उभे आहेत, आणि पोटगीटर त्यांच्या मधून, पुढून, मागून नुसता उसळतोय. तोच खान. त्याच्या वाट्याला गाणं जवळजवळ नाहीच. उड्या, गिरक्या, डोळे वटारणं आणि खदाखदा हसणं. इतरांचे आवाज कमी-जास्त बरे आहेत, पण नजर त्याच्यावरून हटत नाही. महायुद्ध संपून 34 वर्षं झालेली असताना जर्मनांनी इस्रायलच्या मंचावर एका संहारक विजेत्याला हसरा, पिणारा, रंगेल गडी करून नाचवावं, हा प्रकार जरा अंगावर येणाराच होता. ग्रुप चौथा आला. पश्चिम जर्मनीत मात्र गाणं थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. गंमत अशी, की त्या काळात खुद्द मंगोलियात सोव्हिएत दडपणामुळे चंगीझचा उघड गौरव करायची सोय नव्हती.

परक्या मुलखातल्या ऐतिहासिक माणसावर डिस्को रचायची कल्पना अगदीच नवी नव्हती. आपल्याकडे कॅसेटच्या जमान्यात ज्यांचा बोलबाला झाला ते बोनी एमही जर्मनीतच घडलेले, आणि त्यांचा ‘रास्पुतिन’ आदल्याच वर्षी येऊन गेला होता. झीगेल यांनी त्याच वाटेवर दुकानच थाटलं. पुढचं गाणं ‘मॉस्काउ’, म्हणजे मॉस्को. मग ‘रोम’, ‘सामुराई’, ‘पिस्तोलेरो’. दर वेळी नवा मुलूख, नवे कपडे, ताल तोच. यातलं ‘हाजी हालेफ ओमार’ मला सर्वांत बोलकं वाटतं, कारण हे पात्र कार्ल मायच्या कादंबऱ्यांतलं. या लेखकाने अरबस्तान आणि अमेरिकेच्या साहसकथा त्या देशांत पाऊल टाकण्याआधीच लिहिल्या, आणि जर्मन मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पोसल्या. घरबसल्या दूरदेशी जायची ही जर्मन हौस जुनी. झीगेल-माइनुंगर जोडीने तिला ढोल लावले. मंगोल, रशियन, जपानी प्रेक्षकांना काय वाटेल, याचा हिशेब तिथे नव्हताच. समोर शनिवारी रात्री टीव्हीपुढे बसणारं जर्मन कुटुंब होतं.

पण गाणी ऐकणाऱ्याच्या ताब्यात जातात. ‘मॉस्काउ’ बाजारात आलं 1979 मध्ये. वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि पश्चिम जर्मनीने 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. तिकडे ऑस्ट्रेलियात चॅनल सेव्हनने ऑलिंपिकच्या प्रक्षेपणासाठी हेच गाणं उचललं, आणि तिथे ते सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. हाँगकाँगमध्ये जॉर्ज लॅमने ‘जिंगिस खान’ कँटोनीजमध्ये गायलं. जपानात तर शाळांच्या शिबिरांत मुलं त्या चालीवर फेर धरू लागली. 2008 मध्ये बेरीझ कोबो या मुलींच्या ग्रुपने ते पुन्हा गाजवलं.

मायदेशी मात्र हवा फार टिकली नाही. ऐंशीच्या सुरुवातीला नवी जर्मन लाट आली. तिच्यातली पोरं आपल्याच शहरांची, आपल्याच कंटाळ्याची गाणी साध्या कपड्यांत म्हणू लागली. त्यांच्यापुढे झगे आणि शिरस्त्राणं एकदम शाळेच्या स्नेहसंमेलनातली दिसायला लागली. वाऱ्याची दिशा झीगेल यांना इतरांआधी कळली असावी. 1982 मध्ये त्यांनी आणि माइनुंगर यांनी युरोव्हिजन जिंकली ती सतरा वर्षांच्या निकोलला स्टुलावर बसवून. हातात पांढरी गिटार, नाच नाही, उड्या नाहीत. जिंगिस खानचं काम त्या वर्षीही चालू होतं, आणि पुढच्या वर्षी स्पेनवर ‘कोरिडा’ नावाचा संगीतप्रयोगही झाला. पण निर्मात्याचाच जीव त्यात उरला नव्हता, असं आता मागे बघताना वाटतं. दशकाच्या मध्यावर ग्रुप संपला.

पोटगीटर दक्षिण आफ्रिकेत परतला आणि नव्वदीच्या दशकात एड्सने गेला. उरलेल्यांपैकी चौघे डिसेंबर 2005 मध्ये पुन्हा एकत्र आले, तेही मॉस्कोत, तिथल्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये. ज्या शहराचं चित्र त्यांनी म्युनिकच्या स्टुडिओत बसून रंगवलं होतं, तिथले लोक दाद द्यायला समोर होते. खानाच्या वेशात या वेळी श्टेफान ट्राक होता. पुढच्याच वर्षी बेंडर गेला. मांडोकी या पुनर्मीलनात आलाच नाही. तो एव्हाना निर्माता झाला होता, जेथ्रो टलचा इयन अँडरसन, क्रीमचा जॅक ब्रूस अशांना घेऊन जॅझ-रॉकच्या मैफली करत होता. झगे त्याने कायमचे उतरवले होते. झुपकेदार मिशा तेवढ्या ठेवल्या.