सालीतून निघालेले चमकते कण

पपनस सोलले की साल आपण उकिरड्यावर टाकतो. पण त्याच सालीपासून पाण्यातले विष ओळखता येते. ते कसे, ते पाहू.

कढईत साखर तापवली तर काय होते? ती वितळते, तांबूस होते आणि शेवटी काळी पडते. साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. आच लागली की हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे पाणी होते आणि ते वाफ होऊन उडून जाते. मागे उरतो तो मुख्यतः कार्बन. आपला कोळसाही तोच.

फळांत, पानांत, सालींत साखरेसारखेच पदार्थ असतात. २०१२ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी पपनसाची साल पाण्यात घालून भांड्यात घट्ट बंद केली आणि २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली. हवा बेताची, म्हणून साल जळून राख झाली नाही. तिच्यातले पदार्थ सुटे झाले, पुन्हा एकमेकांना जोडले गेले आणि त्यांचे कार्बनचे कण बनले. त्याच वर्षी ओडिशात राउरकेला येथे संत्र्याच्या रसापासूनही असे कण तयार झाले.

हे कण किती बारीक? एका मिलिमीटरच्या जागेत ते ओळीने मांडले, तर अडीच लाख सहज मावतील!

कोळसा काळा, मग हे कण चमकतात कसे? नोटा तपासायचा जांभळा दिवा तुम्ही पाहिला असेल. त्यातून डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात. हे कण ते किरण शोषून घेतात आणि निळसर उजेड देतात. दिवा बंद केला की चमकही जाते.

आता मुद्द्याची गोष्ट. पाण्यात थोडा पारा विरघळला, तरी पाणी नितळच दिसते. जपानमध्ये मिनामाता येथे एका कारखान्यातला पारा समुद्रात गेला. तिथले मासे खाऊन हजारो लोक आजारी पडले, कित्येक दगावले. तो रोग १९५६ साली उघडकीस आला.

पपनसाच्या कणांना पारा भेटला की त्यांची चमक मंदावते. पारा जास्त, तर चमक कमी. यंत्राने ती मोजली की पारा किती, ते कळते.

बंद भांड्यात दाब फार असतो. म्हणून हा प्रयोग घरी करू नये. मात्र एवढे ध्यानात ठेवा : नितळ दिसते ते पाणी शुद्धच असते, असे नाही. शंका आली तर पाणी तपासून घ्यावे.