लाटेचा माथा छाटताना

नॅशव्हिलमधल्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. मधल्या तुकड्यात ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस गिटार वाजवत होता. ती मिक्सिंग कन्सोलच्या ज्या चॅनेलमधून जात होती, त्यातला ट्रान्सफॉर्मर नेमका तेव्हाच दगावला आणि गोल, स्वच्छ सुरांऐवजी टेपवर घरघर उतरली. असा तुकडा कुणीही पुसून पुन्हा घेतला असता, पण तो तसाच ठेवला गेला. १९६१ मध्ये गाणं गाजलं आणि ‘तो आवाज आम्हालाही हवा’ म्हणत इतर कलाकार येऊ लागले. तोवर ते चॅनेल पुरतं निकामी झालं होतं. मग तिथला इंजिनिअर ग्लेन स्नॉडी याने तोच बिघाड हवा तेव्हा घडवून आणणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट जुळवलं आणि ते गिब्सन कंपनीला विकलं. १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ बाजारात आलं : तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, दीड व्होल्टचे दोन सेल आणि वर पायाने दाबायचं बटण. सुरुवातीला खप यथातथाच होता. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ची धून त्यातून वाजवली. त्याच्या मनात ती जागा ब्रास वाद्यांसाठी होती, फझ म्हणजे नुसता कच्चा आराखडा. पण तोच आराखडा रेकॉर्डवर गेला आणि दुकानांतले फझ-टोन संपले.

तोवर ज्यांना असा आवाज हवा असायचा, ते स्पीकरवर हत्यार चालवत. १९६४ मध्ये ‘किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने आपल्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागदी शंकू ब्लेडने चिरला होता. त्यापेक्षा डबी परवडली.

या डबीत होतं काय? गिटारच्या पिकअपमधून जेमतेम काही दशांश व्होल्टचा सिग्नल निघतो. पेडल तो शेकडो पट वाढवू पाहतं. पण बॅटरी जेमतेम तीन व्होल्टची, नंतरच्या पेडलांत नऊची. लाट त्याहून उंच जाऊच शकत नाही, म्हणून तिचा माथा सपाट छाटला जातो. एवढंच. यात बाहेरून कसलाही गोंगाट मिसळलेला नाही, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. लाट नियमितपणे पुन्हा पुन्हा येत असेल, तर तिचा आकार कितीही बिघडवा, तिच्यात नव्याने उपजणारी कंपनं मूळ कंपनसंख्येच्या पूर्ण पटीतच असतात. ११० हर्ट्झची शुद्ध लाट वरून आणि खालून सारखीच छाटली, तर तिच्यातून ३३०, ५५० आणि ७७० निघतात, म्हणजे तिप्पट, पाचपट, सातपट. आपल्या भाषेत ११० ला सा म्हणा : ३३० हा वरच्या सप्तकातला पंचम, ५५० त्याच्याही वरचा गंधार आणि ७७० कोमल निषादाच्या जरासा खाली. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार ज्यांनी मन लावून ऐकला आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल.

आणि ही ओळख वरवरची नाही. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार कंप पावताना तिच्या पृष्ठभागाला घासत राहते. म्हणजे तारेची हालचाल एका बाजूने अडते. जवारी लावणारा कारागीर ही अडवणूक कानसेने मिलिमीटरच्याही अंशाने घडवतो आणि उरलेलं काम घोडीवरच्या सुताकडे सोपवतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या एका निबंधात तंबोऱ्याचं आणि वीणेचं एक वेगळेपण नोंदवलं. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वराची कंपनं शून्य असतात, तो उपस्वर नेहमीच्या नियमाप्रमाणे ऐकू येऊ नये. तंबोऱ्यात तो ठणठणीत ऐकू येतो. घोडी तारेला नुसतं धरून ठेवत नाही, तिचा आकार मोडते, आणि मोडलेल्या आकारातून उपस्वर फुटतात. मिरजेच्या कारागिरांनी जे हाताने साधलं, ते स्नॉडीने ट्रान्झिस्टरने केलं असं म्हटलं तर भौतिकशास्त्र तक्रार करणार नाही. गंमत म्हणजे १९६५ मध्ये लंडनच्या ‘यार्डबर्ड्स’ना ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गाण्यात सतार हवी होती. सतारवादक बोलावला, ध्वनिमुद्रण झालं, पण मनासारखं जमेना. अखेर त्यांच्याच जेफ बेकने तीच धून फझ लावून गिटारवर वाजवली, आणि रेकॉर्डवर तीच आली.

घरी पेडल करायचं तर सुरुवात ‘फझ फेस’पासून करावी. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने ते माइकच्या स्टँडच्या बैठकीसारख्या गोल डब्यात आणलं आणि जिमी हेंड्रिक्सने ते जगभर नेलं. आत फक्त अकरा भाग : दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. ब्रेडबोर्डवर तासाभरात उभं राहतं. पण खरी कसोटी ट्रान्झिस्टर निवडण्यात आहे. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंमधले एसी १२८ जातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर यात चालतात. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी करावी. बहुतेक दुकानदार ‘ते आता कोण वापरतं?’ म्हणून आपल्यालाच विचारतात. मिळाले की पहिल्याचा गेन, म्हणजे वाढवण्याची पट, सत्तरच्या आसपास आणि दुसऱ्याचा शंभर-सव्वाशे असा जोड लावायचा. मल्टिमीटरवर गेन मोजायची जी खाच असते, तिच्यावर मात्र विसंबू नये. जर्मेनियममधून बेसला काहीही न देता करंट झिरपत असतो, आणि मीटर तो झिरपाही गेन म्हणूनच मोजतो. दोनशेचा दिसणारा ट्रान्झिस्टर निम्म्याचाच निघतो.

हा झिरपा बघायची एक सोपी रीत आहे. सर्किट चालू करा, मीटरची एक काडी जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, आणि दुसरी दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला लावा. तिथल्या ८.२ किलोओहमच्या रेझिस्टरऐवजी प्रीसेट बसवून आकडा साडेचारच्या आसपास आणा, म्हणजे बॅटरीच्या अर्ध्यावर. आता ट्रान्झिस्टरचा तो छोटा धातूचा डबा दोन बोटांत धरा. काही सेकंदांत आकडा सरकू लागतो. बोटं काढली की हळूहळू माघारी येतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की झिरपा साधारण दुप्पट होतो, त्यामुळे डिसेंबरात छान लावलेला फझ फेस एप्रिलच्या दुपारी घसा बसल्यासारखा वाजतो. पुढे कंपनीने सिलिकॉनचे बीसी १०८ घातले आणि उष्णतेचा प्रश्न बराचसा मिटला. आवाज तेव्हा जास्त धारदार झाला, आणि कुठला बरा यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. मला विचाराल तर आपल्या हवेत सिलिकॉनच.

एसी १२८ हा पीएनपी जातीचा. त्याच्या मूळ जोडणीत बॅटरीचा धन ध्रुव ग्राउंडला जातो. इतर पेडलांच्या अडॅप्टरवरच हेही लावलं की सरळ शॉर्ट. याला वेगळी बॅटरी द्यावी.

फेरफारांचा विचार करायला इबानेझचं ‘ट्यूब स्क्रीमर’ अधिक सोयीचं. तिथे लाट बॅटरीच्या मर्यादेवर आपटत नाही. आयसीच्या फीडबॅकमध्ये उलटसुलट बसवलेले दोन डायोड ती आधीच अडवतात. सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टला वाट मोकळी करतो, जर्मेनियम त्याच्या निम्म्यावर, लाल एलईडी पावणेदोनच्या आसपास. एलईडी लावली की तेवढ्याच गेनला लाट कमी छाटली जाते, आवाज मोठा होतो आणि बोटांचा जोर जास्त जाणवतो. एका बाजूला एक डायोड आणि दुसऱ्या बाजूला दोन असे लावले, तर लाट दोन बाजूंनी असमान कापली जाते आणि दुप्पट, चौपट कंपनंही मिसळतात. हा बदल एका डायोडचा, अगदी किरकोळ खर्चाचा, पण कानाला लगेच कळतो. दुसरा लोकप्रिय फेरफार कपॅसिटरचा. ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून ७२० हर्ट्झच्या खालचे सूर कमी वाढवतात. म्हणून हे पेडल नाकात बोलतं. कपॅसिटर ०.१ चा केला की ती सीमा ३४० च्या आसपास उतरते आणि खर्ज परत येतो. मात्र खर्ज जास्त छाटला गेला की सगळं गढूळ होतं, हे पेडल बनवणाऱ्याला ठाऊक होतं म्हणूनच त्याने तो आधी बाजूला ठेवला होता. फेरफार करण्यापूर्वी मूळ कारागिराने तसं का केलं असेल, एवढं विचारून घ्यावं.

गढूळपणाचं गणितही मजेदार आहे. दोन सूर एकाच वेळी छाटले गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचेही सूर निघतात. सा आणि पंचम, ११० आणि १६५ : वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. म्हणूनच रॉकमध्ये सा-पंचमाची जोडी फझवर भरदार लागते. आता मध्ये गंधार घाला. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार १३८.६ हर्ट्झचा, शुद्ध गंधार असता तर १३७.५. पडद्यांवरचा पंचमही १६४.८ च. त्या गंधाराची खालच्या सा पासून वजाबाकी २८.६ आणि वरच्या पंचमापासून २६.२. शुद्ध सुरांत दोन्ही नेमक्या २७.५ आल्या असत्या. आता दोघी एकमेकींशी सेकंदाला सुमारे अडीच वेळा भांडतात आणि कॉर्ड लडबडतो.

जोडून झालं आणि आवाजच आला नाही तर घाबरू नये. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. बहुतेक वेळा दोष नऊ पायांच्या फूटस्विचच्या वायरिंगमध्ये किंवा सोल्डरच्या थंड, करड्या पडलेल्या जोडात असतो. शोधायला एक साधी काठी करा : अँप्लिफायरच्या केबलच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा आणि त्याचा मोकळा पाय इनपुटपासून एकेका जोडावर टेकवत पुढे जा. गिटारची तार कुणाला तरी छेडत ठेवायला सांगा. ज्या जोडाअलीकडे आवाज आहे आणि पलीकडे नाही, तिथे पुन्हा सोल्डर लावा. सुरू करताना अँप्लिफायरचा आवाज अगदी कमी ठेवा, नाहीतर शेजारी आधी कळवतील.