हाली, कलदार आणि कूलोम

दिवाळीच्या सुट्टीत मी देवणीला गेलो होतो. देवणी म्हणजे लातूर जिल्ह्यातलं, कर्नाटकच्या सीमेजवळचं आमचं गाव. देवणी जातीचे देखणे गाय-बैल ज्याच्या नावानं ओळखले जातात, तेच हे!

घराची साफसफाई चालली होती. माळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक खाली आली आणि तिच्यात आजोबांचं कॉलेजातलं पदार्थविज्ञानाचं पुस्तक सापडलं. बारावीत शिकणारी माझी भाची ते चाळत बसली. थोड्या वेळानं ओरडलीच, "मामा, हे पुस्तक साफ चुकीचं आहे!"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तिच्या पुस्तकात इलेक्ट्रॉनचा विद्युतप्रभार असा होता : दशांश चिन्हानंतर १८ शून्ये आणि मग १६. आजोबांच्या पुस्तकात मात्र ९ शून्ये आणि मग ४८! तिनं हा जुना आकडा नव्या सूत्रात घालून गणित सोडवून पाहिलं, तर उत्तर पार आभाळाला भिडलं. आता खरं पुस्तक कोणतं?

आजोबा ओसरीवरून हसले. "पोरी, दोन्ही खरे. आमच्या लहानपणी इथं निजामाचा हाली रुपया चालायचा आन् हिंदुस्थानचा कलदारही. हालीचे सात दिले की कलदार सहा मिळायचे. सातबी खरे, सहाबी खरे!"

देवणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती. १९४८ साली संस्थान भारतात आलं, तरी हाली नाणं लगेच गेलं नाही. ७ हालीला ६ कलदार हा दर होता. १९५९ साली हाली नाणं कायमचं बाद झालं. आकडा लिहिताना 'हाली' की 'कलदार' हे सांगितलं नाही, तर व्यवहार बुडालाच म्हणून समजा. भाचीनं नेमकं तेच केलं होतं. आजोबांच्या पुस्तकातला आकडा होता ई.एस.यू. या जुन्या एककात, आणि तिनं तो कूलोम समजून वापरला.

हे ई.एस.यू. म्हणजे काय? दोन सारखे प्रभार एकमेकांपासून एक सेंटिमीटरवर ठेवले आणि त्यांनी परस्परांना एक डाइन बलानं ढकललं, की त्यातला प्रत्येक प्रभार एक ई.एस.यू.चा. डाइन तरी केवढा? जेमतेम एका मिलिग्रॅमच्या वजनाएवढा! केसांवर घासलेल्या कंगव्याचा प्रभार मोजायला हे माप छान.

कूलोम मात्र भलताच मोठा. एक अँपिअर प्रवाह एक सेकंद वाहिला की एक कूलोम प्रभार वाहतो. एकेक कूलोमचे दोन प्रभार एक मीटरवर ठेवता आले असते, तर त्यांच्यातलं बल सुमारे ९० कोटी किलोच्या वजनाएवढं भरलं असतं. पाचशे किलोचा एक बैल धरा. झाले की नाही १८ लाख बैल!

एक कूलोम म्हणजे २,९९,७९,२४,५८० ई.एस.यू. सोयीसाठी ३०० कोटी म्हणू या. ई.एस.यू.चा कूलोम करायचा तर ३०० कोटींनी भागा, कूलोमचा ई.एस.यू. करायचा तर गुणा. भाचीनं भागाकार केला आणि काय गंमत, तिच्या पुस्तकातला आकडा हजर!

आता त्या लांबलचक आकड्याकडे पुन्हा बघा. ओळखीचा वाटतो ना? प्रकाश एका सेकंदात २,९९,७९२.४५८ किलोमीटर जातो. तेच अंक, त्याच क्रमानं! कंगव्याच्या प्रभारात हा प्रकाश कुठून शिरला?

विजेची आणखी एक जुनी मोजणी होती, वाहत्या विजेच्या चुंबकीय परिणामावरून केलेली. तिचं प्रभाराचं एकक म्हणजे आजचे बरोबर १० कूलोम. जर्मनीत वेबर आणि कोलराऊश यांनी एका बरणीत प्रभार साठवला, तो आधी ढकलण्याच्या बलावरून मोजला, मग तारेतून वाहू देऊन चुंबकीय परिणामावरून मोजला. १८५६ साली त्यांनी दोन्ही एककांचा 'दर' प्रसिद्ध केला. तो एखाद्या वेगासारखा निघाला : सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किलोमीटर. पुढे मॅक्सवेल यांच्या लक्षात आलं, की फिझोनं १८४९ साली मोजलेला प्रकाशाचा वेग याच्या अगदी जवळचा आहे. हा योगायोग नव्हे, प्रकाश म्हणजे वीज आणि चुंबकत्वाचीच लाट असली पाहिजे, असं त्यांनी १८६२ साली मांडलं. विचार करा, एकमेकांत बदलता न येणाऱ्या मापांची कटकट, आणि तिच्यातून एवढा शोध!

हाली-कलदारचा दर माणसांनी ठरवला होता. मीटर आणि सेकंदही माणसांचेच. पण प्रकाशानं किती वेगानं धावावं हे कुणी सरकारनं ठरवलं नाही, म्हणून हा दर मोजूनच काढावा लागला.

भाचीनं मग माझा मोबाइल हाती घेतला. बॅटरीवर लिहिलं होतं ५००० मिलिअँपिअर-तास. म्हणजे ५ अँपिअर-तास. तासात सेकंद ३६००, म्हणून प्रभार १८,००० कूलोम. आणि ई.एस.यू.? ५४ लाख कोटी!

"केवढ्याला घेतला फोन?" आजोबांनी विचारलं.

"बारा हजाराला."

आजोबांनी बोटं मोजली. "म्हंजे हालीचे चौदा हजार. लई म्हाग!"